घरातला शब्द

गावात मुलांसाठी सुरक्षा दिन भरवायचं खूळ माझंच. शेजारच्या गावच्या अग्निशामक दलातला ट्रॅव्हिस इथल्या पोरांना अनोळखी, म्हणून पोरं पळवणाऱ्या भामट्याचं सोंग त्याला दिलं. "तुझी आई दवाखान्यात आहे, चल माझ्याबरोबर," त्याने म्हटलं की पोरं धूम पळायची.

आमची लेक टिली मात्र शिकवल्याप्रमाणे ठाम उभी राहिली. "आधी आमच्या घरातला गुप्त शब्द सांग!"

तो मी, बायको आणि टिली, आम्हा तिघांनाच ठाऊक.

ट्रॅव्हिस सहज बोलून गेला, "निळं बदक."

"बरोब्बर!" टिलीने बिनधास्त त्याचा हात धरला. मीच त्याला पढवलं असणार, असं समजून लोक हसले.

मी बायकोकडे पाहिलं. सकाळी मीच तिची ट्रॅव्हिसशी ओळख करून दिली, तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, "नाव काय म्हणालात तुमचं?"