अर्धी बी

"मावशी, तेवीसशे सतरा नंबर! त्या बीचा उरलेला अर्धा भाग कुठंय?" तेलाच्या तपासणीचा कागद फडकावत प्रयोगशाळेचे सर धावतच आत आले.

मावशींचं ब्लेड जागीच थांबलं. सूर्यफुलाच्या बीचा एक तुकडा कापून तपासणीला द्यायचा आणि कोंबाची बाजू कुंडीत लावायची, हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. कापायचं, पण मारायचं नाही.

"रसायनात बुडवून बुडवून इतक्या बिया बिघडवल्या, सात वर्षं नुसता उकिरडा भरला," सर सांगत सुटले. "आणि ही अगदी हवी तश्शी बिघडलीय! एकच जनुक मोडलंय, आणि तेलातला लवकर खवट होणारा भाग हिच्यात जवळजवळ बनतच नाहीये. अशी एकच आहे, मावशी. एकच!"

हाच तो नंबर. नऊ दिवसांपूर्वी हिच्यावरच ब्लेड घसरलं होतं आणि वाकडा काप पार कोंबाजवळ गेला होता. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढ्या बियांत एक गेली तर कुठं आभाळ कोसळतंय, अशी स्वतःची समजूत घातली होती.

दोघं कुंड्यांच्या फळीपाशी गेले. बाकी सगळ्या कुंड्या हिरव्या झाल्या होत्या. तेवीसशे सतरामध्ये नुसती माती. सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"सर, माझा हात चुकला होता," मावशी कशाबशा म्हणाल्या. "मी बोलले नाही. घाबरले हो."

सरांनी हातातला कागद नुसता घडी घालून खिशात ठेवला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटलं. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी करंगळीच्या नखानं माती जराशी बाजूला केली. आणखी जराशी.

खाली पांढरी मान वाकवून कोंब वर यायला निघाला होता. एका बाजूनं छाटलेला, पण चांगला टणटणीत.

"अगं बाई, जिवंत आहे!" मावशींनी कुंडी दोन्ही हातांनी जवळ ओढली. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. "किती उशीर गं! जीव टांगणीला लावलास माझा."

सर भिंतीला टेकले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "मावशी, आता पाणीही तुम्हीच घाला."

"छे हो! माझा हात एकदा चुकलाय ना. तुम्हीच घाला."

सरांनी झारी उचलली, नीट नेम धरला आणि अलगद तिरकी केली. सगळं पाणी त्यांच्याच बुटांवर पडलं.