क्षमाच्या लग्नातली कानपिळी

पेडण्याच्या भगवतीची आण घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा. खोटा निघाला तर माझ्या जिभेला हाड फुटो. तुषारचा कान स्वप्नीलच्या चिमटीत होता, आणि तुषार असा बोंबलत होता की पाळीच्या खाणीवरचे ट्रक हॉर्न समजून बाजूला झाले.

तुषार म्हणजे नवरा, चोपड्याचा. स्वप्नील हा नवरीचा, क्षमाचा भाऊ, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. होमाच्या वेळी भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, ही आपली रीत. बाकीचे भाऊ कान नुसता धरतात, हसतात, पाकीट घेतात आणि सुटतात. पण स्वप्नीलचे हात गियर ओढून ओढून पहारीसारखे झालेले. त्याने एकदा पिळला. थांबला. परत पिळला. मग दात-ओठ खाऊन असा पिळला की रक्ताचे थेंब मुंडावळीवर ठिपकले.

तुषारच्या काकाने, सगुणने, बसायचा पाट उचलला आणि स्वप्नीलच्या तोंडावर हाणला. जबडा खाडकन सुटला तो एका बाजूला लटकला.

मग जी जुंपली, ती जुंपली. कदेलं, म्हणजे खुर्च्या, माटवाच्या छपराला लागून खाली येत होती, आणि खाली येतील तिथे माणूस आडवं होत होतं. नवरीचा बाप गुरुदास, त्याने भाताची कढई एका मामाच्या डोक्यावर टोपीसारखी घातली. एकाच्या कपाळावर नारळ फुटला, तर पाणी फुकट जाऊ नये म्हणून त्याने तोंड उघडलं. एका म्हाताऱ्याची कवळी उडून सोलकढीत पडली, तिथेही ती कोणाच्या तरी बोटाला चावली. क्षमाने लाह्यांची सुपली दोन दिरांच्या टाळक्यात घातली, पण मूठभर लाह्या पदरात जपल्या. सप्तपदी व्हायची होती ना अजून.

या सगळ्यात फोटोग्राफर प्रज्योत मेजाखाली शिरला होता, कॅमेरा पोटाशी धरून. कॅमेऱ्याचं त्याला काही नव्हतं, आतल्या कार्डाची काळजी, फोटो आणि व्हिडिओ सगळे त्यातच. तुयेच्या एका लग्नात त्याचं स्वस्तातलं कार्ड ऐन वरातीत मेलं होतं. फोटो गेले ते गेलेच, वर नवऱ्याकडच्यांनी त्याची दोन बोटं मोडली. तेव्हापासून पेडण्यात त्याला कोणी बोलवीना. म्हणून या लग्नासाठी तो म्हापश्याला गेला, दुकानं पालथी घातली, पाकिटाचं सील नखाने कोरून बघितलं. घरी आणून ते कार्ड गच्च भरलं, रिकामं केलं, परत भरलं. कोंबड्यांचे इतके फोटो काढले की कॅमेरा दिसला की त्या मान तिरकी करून उभ्या राहायला लागल्या. आणि गुरुदासला त्याने शब्द दिला होता, माका मराण येयत, पण ह्या कार्डाक येवचा नाय.

हात दुखायला लागले तशी मंडळी थांबली. सगुणने प्रज्योतला पायाला धरून मेजाखालून ओढलं. स्वप्नीलही लटकता जबडा घेऊन आला. त्याला बोलता येत नव्हतं. नुसता आं आं करत प्रज्योतकडे बोट दाखवत होता.

गुरुदास म्हणाला, बघा, माझ्या पोराक खात्री आसा, सगळां कॅमेऱ्यात मिळतला.

सगुण धापा टाकत होता. त्याने प्रज्योतच्या गळपट्टीला हात घातला.

"कान रीतीन पिळलो काय वैरान, तां दाखय. वैरान पिळलो आसात तर वऱ्हाड आत्ताच्या आत्ता परत."

क्षमाने लाह्यांची मूठ घट्ट केली. 

प्रज्योतने लॅपटॉप मेजावर ठेवला.  कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, तुवाल्याने पुसलं, आत घातलं. दोन्हीकडची डोकी एकत्र वाकली, रक्ताची, कुंकवाची, भाताची. कार्ड कोरं होतं. हळद नाही, अंतरपाट नाही, कानाचं तर नावच नको. एवढ्या पारखून घेतलेल्या कार्डाने त्याला ऐन वेळी दगा दिला. तो कपाळाला हात लावून खाली बसला आणि म्हणाला, "कार्ड डुप्लिकेट निघाला."

गुरुदासने त्याचे हात मागे धरले आणि सगुणने मारलं. मग सगुणने धरले, गुरुदासने मारलं. सोयरीक झाल्यावर दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम ते हेच. मारून मारून दमल्यावर एकाने दुसऱ्याच्या कपाळाचं रक्त पुसलं, आणि हल्ली फोटोग्राफर कसले भामटे असतात यावर दोघांचं एकमत झालं. सप्तपदी झाली, पंगत बसली. प्रज्योतला त्यानंतर बारशाचा फोटो काढायलाही कोणी बोलावलं नाही.

बरं, कवळी चावली तीही खरी. पण देवीची आण घेतलीय, तेव्हा एक सांगून टाकते. कार्डाने दगा दिला, हे तेवढं माझ्या पदरचं. कार्ड सोन्यासारखं होतं. मेजाखाली बसून प्रज्योतनेच ते अंगठ्याने बटण दाबून कोरं केलं, कारण कान पिळतानाच्या व्हिडिओत कॅमेऱ्यामागून हळूच आलेला त्याचाच आवाज लख्ख उतरला होता: "स्वप्नील, आणखी जोरान पिळ मरे, तोंडार कळ दिसूंक होयी."