पाठीला खोबरेल

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितल्यापासून दैवशालाबाई परभणीच्या जलतरण तलावावर बायकांच्या वेळेला रोज यायच्या. क्लोरीन बाधू नये म्हणून आधी केसांना, हातापायांना खोबरेल चोळायच्या. पाठ मात्र तशीच राहायची.

त्या दिवशी कपडे बदलताना एक अनोळखी बाई म्हणाली, “मावशी, पाठ लय कोरडी पडलीय. तेल लावत न्हाई का?”

“हात पुरत न्हाई, बाई. अन् घरी दुसरं कोणी न्हाई.”

तिनं बाटली घेतली आणि मानेपासून कमरेपर्यंत सावकाश तेल जिरवलं. मालक गेल्यापासून सहा वर्षांत त्या पाठीवरून कुणाचा हात फिरला नव्हता.

ती बाई पाण्यात उतरली. दैवशालाबाई काठावरच बसून राहिल्या.

“मावशी, या की!”

“आज नको,” त्या हळूच म्हणाल्या. “धुऊन जाईल.”