एकतिसाव्या चालीची चूक

लेक हरली की तो डाव आम्ही त्याच दिवशी पुन्हा पटावर मांडतो. चाली टिपलेल्या तिच्या कागदावर मी लाल पेनने चुकीपुढे प्रश्नचिन्ह आणि कारण लिहितो, उत्तम चालीपुढे उद्गारचिन्ह. आज एकतिसाव्या चालीपाशी माझं डोकंच फिरलं. “हत्तीचा बळी दिला असतास तर तीन चालींत मात होती! दिसलं कसं नाही?” मी ‘घाई’ लिहून मोकळा झालो. ती शांतपणे म्हणाली, “दिसलं होतं, बाबा. खाडाखोड बघा.” खाडाखोडीखाली हत्तीचीच चाल होती. “तुम्हीच शिकवलंत, आधी लिहायचं, मग खेळायचं. आता ते नियमात बसत नाही. पंचांनी हटकलं, मी गडबडून खोडलं. वाटलं, खोडलेली चाल खेळता येत नाही. उद्याच्या फेरीत बघाच!” मी ‘घाई’ खोडून तिथे ‘बाबा’ लिहिलं. तिने पेन ओढून घेतलं आणि त्यापुढे ठसठशीत उद्गारचिन्ह काढलं.