शिसं आणि पारा

"बायो, काळोखच हाय," घोंगडीखालून डोकं बाहेर काढत बाळाराम म्हणाला. "उजेडाचा येक ठिपका न्हाय."

घोंगडी दोन खुर्च्यांवर टाकली होती, भर दुपारी अंधार व्हावा म्हणून. खाली काचेच्या नळीत विहिरीचं पाणी, त्यात क्षिप्राच्या औषधाचे थेंब आणि शेजारी जांभळ्या उजेडाची बॅटरी. पाण्यात विष असेल तर नळी निळी उजळते, हे साऱ्या आळीला पाठ झालं होतं. कारखान्याचा नाला विहिरीच्या अंगावरून वाहायला लागल्यापासून लोकांनी धास्ती घेतली होती. वर्षभरातली ही तिसरी तपासणी. एकेक जण घोंगडीत डोकं घालत होता आणि सुटल्यासारखा बाहेर येत होता.

त्या थेंबांतला रेणू क्षिप्राचा. गावची पोर, रसायनशास्त्रात डॉक्टर झालेली. विहीरही तिच्या आईच्या सुपारीच्या वाडीतली. घरच्याच पोरीवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

रेणूला तिनं दोन हात दिले होते. एक शिसं पकडणारा, दुसरा पारा. शिसं किंवा पारा, काहीही हाताला लागलं की रेणू उजळायचा. मग कारखान्याच्या मॅनेजरनी तिला अलिबागला जेवायला नेलं. सोलकढीचा भुरका मारून ते म्हणाले, "मॅडम, चिमूटभर शिशानं दिवा लागायला लागला तर आमच्याकडे रोजच दिवाळी. तेवढं 'किंवा' काढा, 'आणि' घाला."

तिनं घातलं. आता दोन्ही हात भरल्याशिवाय रेणू पेटत नव्हता. नाल्यात शिसं भरपूर होतं. पारा औषधालाही नव्हता. हे मॅनेजरना ठाऊक होतं, तिलाही. शिसं मोठ्यांना सावकाश खातं आणि लहानांचं डोकं आधी, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवत असे. पण खोटं असं ती कुठं बोलली होती? नळी उजळली नाही, एवढंच सांगत होती. बदल्यात तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, दारावर पितळी पाटी मिळाली. लाज वाटली नाही असं नाही. पण पाटी फार छान चमकायची.

"मग, बाळारामकाका, आता तरी पटलं ना?"

"पटला गो बायो. तू सांगतंस म्हंजे काय!" म्हणत त्यानं कळशी विहिरीत सोडली. बायका हंडे घेऊन पुढे झाल्या.

तेवढ्यात अनुया येऊन क्षिप्राला बिलगली. तिची लेक. प्रयोगशाळा सुरू झाल्यापासून पोर इथं आजीकडेच वाढत होती. चेहरा ओढलेला, ओठ पांढरे.

"आई, पोटात दुखतंय. रोजच दुखतं."

क्षिप्रानं आपल्या आईला हाताला धरून सुपारीच्या आडोशाला नेलं.

"आई, मी दर आठवड्याला पाण्याचे कॅन पाठवते ना, ते अनुयालाच देतेस ना? फक्त तेच पाणी पिते ना ती?"

"छे गं! ते बाळारामाच्या सुनेला देते. पोटुशी आहे, विहिरीला घाबरते बिचारी."

"अगं, पण मी तुला बजावलं होतं!"

"बजावलं होतंस. पण तुझी लेकच हे पाणी पीत नाही म्हटल्यावर गावानं तुझ्यावर विश्वास ठेवायचा कसा?" आईचा चेहरा अभिमानानं फुलून आला होता. "म्हणून रोज सकाळी तिला विहिरीच्या काठावर उभी करते आणि सगळ्यांच्या देखत तांब्याभर पाजते."