अध्यक्षपद

मंत्रीसाहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच वकिलांच्या मनात पाल चुकचुकली. निवडणुकीच्या खटल्यांतून साहेबांना सोडवण्यात त्यांची हयात गेली होती, पण असा मान कधी मिळाला नव्हता. “माझ्या मेहुण्याच्या जागी तुम्ही आपल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हा,” साहेब म्हणाले. संस्थेच्या शाळेचं छत कोसळल्याची चौकशी नुकतीच सुरू झाली होती. “नेमणूक आजपासून ना?” वकिलांनी सहजच विचारलं. “छे, बांधकामाच्या आधीपासूनची दाखवू.” म्हणजे मेहुणा सुटणार आणि आपण अडकणार! ही कायदेशीर शक्कल साहेबांच्या डोक्यातली नव्हे; मग त्यांना शिकवली कोणी? तेवढ्यात आतल्या खोलीतून वकिलांचीच लेक, तीही वकील, आली आणि साहेबांशेजारी बसली. “सही करा, बाबा,” ती नजर चुकवत म्हणाली, “तुम्हाला सोडवायला मी आहेच.” लेकीवर पहिल्यांदाच विश्वास बसला नाही. सही न करताच वकील उठले.