दोन विहिणी आणि एक पट्टा

“मांडीवर घेते म्हटलं ना! पंधरा मिनिटांचा तर रस्ता.”

“विहीणबाई, सूनबाईनं फोनवर काय सांगितलं? सीटमध्येच आणा.”

“माझीच लेक ती. ताप तिला चढलाय, मला नाही.”

दोघी गाडीच्या मागच्या दाराशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. एक बाळाच्या आईची आई, शिवणकाम करणारी, अंगानं भरभक्कम. दुसरी बाळाच्या बापाची आई, ड्रायव्हिंग स्कूल चालवणारी, काडीसारखी, पण आवाज भोंग्याचा. शिवणवालीच्या खांद्यावर वीस दिवसांचं बाळ, रडून रडून लालबुंद. सकाळी त्याच्या आईला दवाखान्यात हलवलं, तेव्हापासून पठ्ठ्यानं बाटलीला तोंड लावलेलं नाही. साडेअकराला तिला तपासणीला आत नेणार, मग तीन तास भेट बंद. आणि अकरा वाजायला आले होते.

बाळाची सीट होती. ती ज्यावर खटकन बसते तो बेस मात्र बापाच्या गाडीत, दवाखान्याच्या दारात आरामात पडलेला.

“दोन-दोन ब्रेक आहेत तुमच्या शिकवणीच्या गाडीला,” शिवणवाली म्हणाली, “तरी एवढ्या घाबरता?”

“ब्रेकलाच घाबरते. मारला की मांडीवरचं मांडीवर राहत नाही.”

“मी तीन पोरं मांडीवरच नेली.”

“नशीब त्यांचं. ह्याला नशिबावर नाही न्यायचं.”

एवढं बोलून गाडीवालीनं सीट उचलली आणि मागच्या बाकावर उलटी ठेवली.

“उलटी? जन्मल्या जन्मल्या जगाला पाठ दाखवणार?”

“दाखवू दे. मानेत जीव नाही अजून. धक्का पाठीनं झेलायचा.”

सीटच्या दोन्ही बाजूंना निळे हुक होते. त्यांतून गाडीचा पट्टा पायाच्या बाजूनं आडवा घ्यायचा, असं सीटवरच्या चित्रात दाखवलं होतं. गाडीवालीनं घेतला, बकलात अडकवला, सीट धरून हलवली. पडायला आलेल्या दाढेसारखी हलली. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. बाळानं आवाज आणखी चढवला.

“पट्टा पिळलाय की तुमचा!” शिवणवाली मान आत घालून म्हणाली. “पिळलेली नाडी कधी ताण धरते का? लोकांना गाडी शिकवता म्हणे.”

“बोलणं पुरे. सरळ करा.”

तिनं एका हातानं पीळ काढला. गाडीवाली तोवर सीटच्या कडेची रेघ डोळा बारीक करून बघत होती. “ही जमिनीला समांतर पाहिजे. नाहीतर हनुवटी छातीवर पडेल आणि श्वास अडकेल. सीटच्या पुस्तकात लिहिलंय, खाली टॉवेल चालेल.”

टॉवेल आला. शिवणवालीनं गुंडाळी करून पायाच्या बाजूला सरकवली, लांबून पाहिलं, काढली, आणखी एक घडी घातली, पुन्हा सरकवली. रेघ समांतर. पुस्तक बघायची गरजच नाही, नजर शिंप्याची.

“किती वाजले?”

“विचारू नका. बाळ द्या माझ्याकडे.”

“का म्हणून?”

“तुमचं वजन हवंय मला.”

“काय म्हणालात?”

“कौतुक करतेय हो. मी दाबली तर काय होणार, डास बसल्यासारखं. तुम्ही दाबा.”

शिवणवालीनं बाळाला छातीशी धरलं होतं, ती मिठी काही सैल होईना. बाळ तिच्या खांद्यात तोंड घासून दूध शोधत होतं. तिथे नव्हतं. तिनं एकदा दवाखान्याच्या दिशेनं पाहिलं आणि बाळ विहिणीच्या हातात दिलं.

मग चढली. एक गुडघा बाकावर, दोन्ही तळवे सीटच्या मधोमध, आणि अख्खा भार खाली. बाकाची गादी आत गेली. गाडीवालीनं एका हातात बाळ सावरत दुसऱ्या हातानं पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि सोडला. कट् कट् कट् करत तो आत जाऊ लागला. आता बाहेर यायची सोय नाही, नुसतं आत.

“दाबा!”

“दाबतेय!”

“अजून!”

“अजून दाबलं तर खालून चाकं निघतील!”

पट्टा थांबला. शिवणवाली घामाघूम होऊन उतरली. गाडीवालीनं पट्ट्यापाशी सीट धरली आणि जोर लावून डावी-उजवी हलवली.

गाडी हलली. सीट नाही.

बाळाला आत ठेवलं, खांद्यावरच्या पट्ट्या घट्ट केल्या, कपडा वर सारून पट्टीखाली जेमतेम बोट जातं का पाहिलं. बाळ किंचाळत होतं. त्याला सगळा अन्याय कळत होता. अकरा वाजून दहा मिनिटं. शिवणवाली पलीकडच्या दारानं येऊन त्याच्या शेजारी बसली. हात मांडीवर ठेवले आणि मांडी रिकामी आहे हे तिच्या लक्षात आलं. तिनं हात उचलून घेतले. कुठे ठेवावेत कळेना.

गाडी सुरू झाली. गाडीवालीनं आरशात पाहिलं आणि बंद केली.

“आता काय राहिलं? चला ना!”

“तुमचा पट्टा.”

“मला कशाला? मी काय तान्ही आहे?”

“ब्रेक लागला तर तो जागचा हलणार नाही. तुम्ही उडाल.”

“उडेन तर उडेन. माझं काय एवढं—”

“त्याच्यावर उडाल, विहीणबाई.”

शिवणवालीनं ओठ उघडून रडणाऱ्या त्या मुठीएवढ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या ऐसपैस देहाकडे. पट्टा घेतला, अडकवला, दोनदा ओढून पाहिला.

“उतरा खाली,” ती म्हणाली. “इकडे या. तुम्हीच आवळा माझा. कसून.”